बांधावरची अंबाडी

दख्खनच्या कोरडवाहू मुलखातील ज्वारी, बाजरी, कापूस आणि तूर यांचा इतिहास महसुली दफ्तरांनी सविस्तर नोंदवून ठेवला आहे. कोणत्या जिन्नसाला कोणत्या सालात काय भाव आला आणि कोणत्या दुष्काळात रयतेला किती सूट मिळाली, हे जिज्ञासूला आजही तेथे शोधता येते. परंतु ज्या वनस्पतीच्या वाखाने या मुलखातील बैल बांधले गेले आणि मोटा ओढल्या गेल्या, त्या अंबाडीच्या वाट्याला या नोंदींत फारच थोडी जागा आली. अंबाडीचे स्वतंत्र शेत आपल्याकडे सहसा नसेच. ज्वारीच्या किंवा कापसाच्या शेताच्या कडेने, बांधालगत, नाहीतर मुख्य पिकाच्या तासांमध्ये एखादे तास टाकून ती पेरली जाई. आणि बांधाच्या कडेची वस्तू मोजण्याचे कष्ट कोणत्याही राजवटीतील जमाबंदीने मनापासून घेतलेले दिसत नाहीत.

जास्वंदीच्या कुळातील ही वनस्पती मूळची आफ्रिकेची. ती आपल्याकडे इतक्या पूर्वी रुजली, की कुणब्याला ती परकी वाटण्याचे काही कारणच उरले नाही. तिची एक बहीण म्हणजे लाल अंबाडी, जिच्या मांसल, आंबट बोंडांची चटणी व सरबत विदर्भात आवडीने करतात. आंध्रातील प्रसिद्ध गोंगुरा तो याच दोघींचा पाला. तिसरी बहीण आपल्या बागांत अलीकडे आली. इंग्रजीत तिला क्रॅनबेरी हिबिस्कस म्हणतात. पाने, देठ, खोड सारे गर्द किरमिजी असलेले हे झाड आफ्रिकेतील दोन रानटी जातींच्या संकरातून निर्माण झाले, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पोर्तुगीज सरकारच्या आश्रयाने अंगोलात 1853 पासून हिंडलेल्या फ्रिडरिश वेल्विच या ऑस्ट्रियन संशोधकाच्या संग्रहावरून विल्यम हायर्न याने 1896 साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तेथील लोक मात्र तिचा पाला त्यापूर्वीपासून खात आले होते.

आपल्या अंबाडीचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होई. आषाढ-श्रावणात, म्हणजे घरातील डाळदाणा आटत आलेला असताना, तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी होई, आणि खुडलेले झाड अधिकच फुटून येई. पुढे ते पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढे, आणि त्यावर मध्यभागी गर्द तांबडा डाग असलेली फिकट पिवळी फुले येत. वाख तलम हवा असेल, तर फुलोऱ्यातच झाड कापले पाहिजे. परंतु पुढल्या वर्षाच्या बियाण्याची चिंता असलेला शेतकरी बहुधा बोंडे पिकेपर्यंत थांबे आणि थोड्या जाड, राठ वाखावर समाधान मानी. कापलेल्या ताटांच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात किंवा गावतळ्याच्या कडेला दगडाखाली दाबून आठ-पंधरा दिवस कुजत ठेवीत. पाणी ऊबदार असेल तर काम लवकर उरके, थंड असेल तर रेंगाळे. ही मुदत ओळखणे हेच त्यातले खरे कसब, कारण दोन दिवस कमी पडले तर साल काडीला चिकटून राहते आणि दोन दिवस अधिक झाले तर वाखाचा जोरच नाहीसा होतो. बुडख्याकडची साल नखाने सोडवून पाहावी, ती सुरकन शेंड्यापर्यंत निघून आली की पेंढ्या बाहेर काढाव्यात, असा सोपा संकेत होता. त्या दिवसांत पाणवठ्याकडून येणारी दुर्गंधी साऱ्या गावाला सोसावी लागे.

सोललेला, धुऊन वाळवलेला हा वाख पुढे मांगवाड्यात जाई. बलुतेदारीच्या व्यवस्थेत दोर वळण्याचे काम मांगांकडे, आजच्या भाषेत मातंग समाजाकडे, वंशपरंपरेने आलेले होते. एकाने लाकडी फिरकी फिरवीत राहावे आणि दुसऱ्याने काखेतील वाखातून थोडे थोडे तंतू सोडीत मागे मागे सरकत जावे, मग तयार झालेले पदर एकत्र करून त्यांना उलटा पीळ द्यावा, अशी ती क्रिया असे. तिच्यातून दावे, कासरे, वेसणी, मोरख्या, शिंकी, चऱ्हाटे आणि मोटेचा मनगटाएवढा जाड नाडा निर्माण होई. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवे दोर चढले पाहिजेत, हा दंडक होता. या पुरवठ्याच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा हक्क मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाड्या’त या देवघेवीचे जग तपशिलाने उभे राहते, आणि त्यातील विषमताही नजरेआड करता येत नाही. विहिरीचे पाणी उपसणारा नाडा ज्याने वळला, त्याला त्या विहिरीवर पाणी भरण्याची मात्र मुभा नव्हती. गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणाऱ्यांनी या एका दोराचा तरी विचार करावयास हवा होता.

राज्यकर्त्यांचे लक्ष अंबाडीकडे वळले ते त्यांच्या स्वतःच्या निकडीमुळे. गलबतांच्या दोरखंडांसाठी लागणारा भांगेच्या झाडाचा वाख इंग्लंडला रशियाकडून घ्यावा लागे. तेव्हा कंपनीच्या अमलात विल्यम रॉक्सबर्ग याने हिंदुस्थानी वाखांवर प्रयोग केले, आणि क्रिमियन युद्धाने रशियाचा माल अडकला असता जॉन फोर्ब्स रॉइल याने 1855 साली या देशातील तंतुवनस्पतींवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे बिहारमधील पुसा येथे अल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने अंबाडीच्या निरनिराळ्या वाणांची शास्त्रशुद्ध छाननी करून 1911 साली ती प्रसिद्ध केली; त्या वाणांत हिरव्या खोडाचे होते तसेच तांबड्या व जांभळ्या खोडाचेही होते. 1947 च्या फाळणीने तागाची बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या हुगळीकाठी राहिल्या, तेव्हा अंबाडीवर्गाच्या या वाखाला ‘मेस्ता’ नावाने सरकारी उत्तेजन मिळाले. परंतु त्याचा मुख्य लाभ आंध्र-बंगालकडील शेतकऱ्यांना झाला. दख्खनची अंबाडी होती तेथेच, बांधावर, राहिली.

तिला तेथून बेदखल केले ते इंजिनाने आणि नायलॉनने. विहिरीवर पंप बसला आणि नाडा गेला, ट्रॅक्टर आला आणि कासरा गेला. जे थोडे दोर लागत, ते बाजारात रंगीबेरंगी वेटोळ्यांत स्वस्त मिळू लागले. दोराची गरज संपली तरी जिभेची संपली नाही, म्हणून अंबाडी परसबागेत तगून राहिली. विदर्भातील महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीच्या आंबिलीबरोबर तिच्या भाजीला आजही मान आहे. पाला उकडून त्याचे आंबट पाणी काढून टाकावे, डाळ व कण्यांबरोबर तो घोटावा आणि ताटात वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात लसणाची चरचरीत फोडणी ओतावी. भाकरीबरोबर याहून अधिक काही मागणे ही चैन होय. मात्र कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ती शिजवू नये, कळकते.

आता शहरातील गच्चीवर किरमिजी पानांची जी तिसरी बहीण, क्रॅनबेरी हिबिस्कस, शोभेसाठी लावली जाते, तिची निगा जुन्या कुणबिणीला शिकवावी लागली नसती. भरपूर ऊन, पाणी न साचणारी माती, आणि वीतभर वाढताच शेंडा खुडणे, एवढेच तिचे मागणे. फांदी ओल्या मातीत खोचली तरी ती मुळे धरते. फुले दिवस लहान होऊ लागल्यावर येतात आणि दुपारपर्यंत मिटतात. म्हणून पावसाळा सरल्यावरही जो शेंडे खुडीतच राहील, त्याला पाला मिळेल, पण बी मिळणार नाही. निदान एक झाड भाद्रपदानंतर न खुडता सोडावे.