विमानतळावरील लाउंज

विमान सुटण्यापूर्वी किंवा दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत ठरावीक प्रवाशांना बसण्याची, जेवण्याची, अंघोळीची, कामाची व विश्रांतीची सोय करून देणारे विमानतळावरील राखीव दालन. विमानकंपनी, विमानतळाची व्यवस्थापन कंपनी, स्वतंत्र व्यावसायिक संस्था किंवा क्रेडिट कार्ड कंपनी यांपैकी कोणीही ते चालवते. लाउंजमध्ये जाता येईल की नाही, हे तिकिटाचा वर्ग, विमानकंपनीच्या सभासदत्वाची श्रेणी, बँकेचे कार्ड किंवा थेट भरलेले शुल्क यांवर ठरते. बहुतेक लाउंज सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतात. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचे लाउंज बहुतेक देशांत इमिग्रेशनच्याही पलीकडे असल्याने देशांतर्गत प्रवाशांना तिथे पोहोचता येत नाही.

उगम व इतिहास : विमानकंपनीने चालवलेला पहिला लाउंज म्हणून अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘ॲडमिरल्स क्लब’चा उल्लेख होतो. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर तो १९३९ मध्ये सुरू झाला. सी. आर. स्मिथ तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. कंपनीच्या डीसी-३ विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणत. आरमाराच्या याच परिभाषेला धरून महत्त्वाच्या ग्राहकांना ‘ॲडमिरल’ ही मानाची पदवी दिली जाई आणि क्लबचे दार या ॲडमिरलांसाठीच उघडे असे. विमानप्रवास त्या काळी महाग होता, प्रवासी थोडे होते. त्यांतले उद्योगपती, राजकारणी, अभिनेते आपल्याच कंपनीने जावेत, हा या आदरातिथ्यामागचा हिशेब होता.

पुढील दशकांत पॅन ॲमने ‘क्लिपर क्लब’, टीडब्ल्यूएने ‘ॲम्बॅसेडर्स क्लब’, ईस्टर्नने ‘आयनोस्फिअर क्लब’ आणि युनायटेडने ‘रेड कार्पेट क्लब’ काढले. प्रवेश निमंत्रणावर ठेवणे हा भेदभाव आहे, असा आक्षेप अमेरिकेत घेतला गेला आणि कंपन्यांनी वार्षिक वर्गणी भरणाऱ्या कोणालाही सभासद करून घ्यायला सुरुवात केली. निमंत्रणाची पद्धत तरीही पूर्ण संपली नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचा ‘चेअरमन्स लाउंज’ आजही केवळ निमंत्रितांसाठी आहे.

दुसरे वळण १९७८ नंतर आले. अमेरिकेत विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली, कंपन्यांची स्पर्धा तीव्र झाली आणि १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ए-ॲडव्हांटेज’ ही नित्य प्रवाशांची बक्षीस योजना आणली. किती प्रवास केला याची नोंद ठेवायची आणि त्यानुसार श्रेणी द्यायची, ही रीत जगभर पसरली. लाउंजप्रवेश हा वरच्या श्रेणीचा ठळक लाभ ठरला. १९९७ मध्ये स्टार अलायन्स, १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम या विमानकंपन्यांच्या आघाड्या स्थापन झाल्या. एका कंपनीची श्रेणी मिळवलेला प्रवासी त्यानंतर परक्या शहरात, सहकारी कंपनीच्या लाउंजमध्येही जाऊ लागला.

तिसरे वळण स्वतंत्र लाउंजांचे. १९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ ही योजना सुरू झाली. कोणत्याही कंपनीने प्रवास करणाऱ्याला, तिकीट कोणत्याही वर्गाचे असले तरी, करारबद्ध लाउंजमध्ये प्रवेश देणे हे तिचे स्वरूप. १९९८ मध्ये हाँगकाँगमध्ये स्थापन झालेल्या ‘प्लाझा प्रीमियम’ने पैसे भरणाऱ्या कोणालाही खुले असलेले लाउंज उभारले. अमेरिकन एक्सप्रेसने २०१३ मध्ये लास व्हेगास येथे पहिला ‘सेंच्युरियन लाउंज’ उघडला. कार्ड कंपन्या अशा रीतीने स्वतःच यजमान बनल्या.

प्रवेशाचे नियम : बिझनेस किंवा फर्स्ट क्लासच्या आंतरराष्ट्रीय तिकिटात लाउंजचा समावेश सहसा असतो, मात्र सवलतीच्या काही बिझनेस भाड्यांतून तो वगळलेला असतो. अमेरिकेतील कंपन्या निव्वळ देशांतर्गत प्रवासाच्या फर्स्ट क्लास तिकिटावर बहुधा लाउंज देत नाहीत. स्टार अलायन्सची ‘गोल्ड’ श्रेणी असलेल्या प्रवाशाला इकॉनॉमीच्या तिकिटावरही आघाडीच्या लाउंजमध्ये एका सोबत्यासह जाता येते. सोबत्यालाही त्याच दिवशी आघाडीतील कंपनीने प्रवास करायचा असला पाहिजे. वनवर्ल्डमध्ये ‘सफायर’ श्रेणीला बिझनेस लाउंज मिळतो, तर ‘एमराल्ड’ श्रेणीला फर्स्ट क्लासचाही.

एकाच कंपनीच्या लाउंजांतही पायऱ्या असतात. लुफ्तान्साचे बिझनेस, सेनेटर आणि फर्स्ट असे तीन स्तर आहेत. प्रत्येक स्तरावर जेवण, जागा आणि एकांत यांचे प्रमाण बदलते. ज्यांना यांपैकी कशाचाच लाभ नाही त्यांना अनेक विमानतळांवर काही तासांचे शुल्क भरून स्वतंत्र लाउंज वापरता येतो.

रचना व सेवा : लाउंजची आखणी विभागांनी केलेली असते. प्रवेशाशी स्वागतकक्ष, मध्यभागी बैठका, एका बाजूला बुफे व पेयांचा कट्टा आणि आतल्या, कमी वर्दळीच्या भागात झोपण्याच्या आरामखुर्च्या व शॉवरच्या खोल्या. मोठ्या लाउंजमध्ये मुलांची खोली, प्रार्थनाकक्ष आणि कामाची स्वतंत्र दालनेही असतात. बऱ्याच लाउंजमध्ये उड्डाणांची ध्वनिक्षेपकावरून घोषणा होत नाही, प्रवाशाने फलकावर स्वतः लक्ष ठेवायचे असते. लाउंजची शांतता याच शिस्तीवर टिकते आणि निष्काळजी प्रवाशाचे विमानही याच नियमामुळे चुकते.

खाण्यापिण्यात यजमान देशाची चव दिसते. इस्तंबूलच्या टर्किश एअरलाइन्स लाउंजमध्ये ‘पिदे’ हा तुर्की भाकरीचा प्रकार ताजा भाजून मिळतो. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक लाउंजमधील नूडल्सचा कट्टा नित्य प्रवाशांच्या ओळखीचा आहे. जपानी लाउंजमध्ये ग्लास तिरका धरून फेसाचे प्रमाण साधणारी बिअरची यंत्रे असतात, तर हेलसिंकीच्या फिनएअर लाउंजमध्ये सौना आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोपाचा शेवटचा घास त्या देशाचाच मिळावा, ही दृष्टी या यजमानांनी जपली आहे.

सर्वांत मोलाची सेवा मात्र शॉवरची म्हणावी लागेल. आदल्या विमानात आठ-दहा तास काढून आलेल्या आणि पुढे तेवढाच प्रवास बाकी असलेल्या प्रवाशाला गरम पाणी, स्वच्छ टॉवेल आणि कपडे बदलायला बंद दार मिळणे ही चैन नव्हे. खोल्या मोजक्या असल्याने आत शिरताच नाव नोंदवणे श्रेयस्कर. बहुधा अर्ध्या तासाची वेळ देतात आणि प्रत्येक वापरानंतर कर्मचारी खोली धुऊन-पुसून पुढच्या प्रवाशासाठी तयार करतात. लाउंजची प्रतिष्ठा या अहोरात्र पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या सफाई व स्वयंपाक कर्मचाऱ्यांच्या कष्टांवर उभी आहे.

आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वीची भेट : भारतातून परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला साधारण तीन तास आधी विमानतळावर यायला सांगतात. चेक-इन, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी पार पडल्यावर उरलेला वेळ लाउंजचा. स्वागतकक्षात बोर्डिंग पास आणि प्रवेशाचा पुरावा दाखवावा लागतो. अनेक लाउंज उड्डाणाच्या तीन तासांहून आधी प्रवेश देत नाहीत. आत गेल्यावर फलकावर गेटचा क्रमांक पाहणे, तिथवर चालायला किती वेळ लागेल हे विचारून घेणे आणि मग शॉवर, जेवण, विश्रांती असा क्रम लावणे सोयीचे. बोर्डिंग सहसा उड्डाणाच्या पाऊण ते एक तास आधी सुरू होते आणि गेट उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. मोठ्या टर्मिनलवर गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागू शकते, हा वेळ हिशेबात धरला पाहिजे.

मुंबईहून युरोप, आखाती देश आणि अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. अशा वेळी लाउंजमध्ये जेवून घेतले तर विमानातील उशिराच्या जेवणासाठी जागावे लागत नाही आणि तेवढी झोप पदरात पडते. न्यूयॉर्कहून लंडनला जाणाऱ्या रात्रीच्या उड्डाणाला सहा-सात तासच लागतात. तिथे ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्यांनी याच विचाराने उड्डाणपूर्व भोजनाची व्यवस्था केली.

मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेले वयस्कर आई-वडील हा महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशांतला मोठा वर्ग आहे. दोहा, दुबई किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना त्यांना कित्येक तास थांबावे लागते. पाय वर घेऊन टेकायला जागा, जवळ स्वच्छतागृह, वेळेवर औषध घेण्यापुरते खाणे आणि चौकशीला माणूस, या चार गोष्टी त्यांना लाउंजमध्ये एकत्र मिळतात. व्हीलचेअरची सेवा घेतलेल्या प्रवाशाने लाउंजमध्ये थांबणार असल्याचे मदतनीसाला आधी सांगून ठेवावे, म्हणजे गेटवर नेण्यासाठी तो वेळेत येतो.

उल्लेखनीय लाउंज : लुफ्तान्साने २००४ मध्ये फ्रँकफर्ट येथे फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी वेगळी इमारतच उघडली. सुरक्षा व पासपोर्ट तपासणी तिथेच होते आणि प्रवाशाला मोटारीने थेट विमानापाशी नेतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २००८ मध्ये सुरू झाले. तेथील ‘काँकॉर्ड रूम’ने २००३ मध्ये निवृत्त झालेल्या स्वनातीत विमानाचे नाव जपले आहे. दुबईच्या ‘कॉन्कोर्स ए’ या २०१३ साली सुरू झालेल्या इमारतीत एमिरेट्सचे लाउंज संपूर्ण मजले व्यापतात आणि तेथूनच ए-३८० या दुमजली विमानात जाता येते. दोहाच्या हमाद विमानतळावरील कतार एअरवेजचा ‘अल मुरजान’ हा जगातील मोठ्या बिझनेस लाउंजांपैकी आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या चांगी येथील ‘प्रायव्हेट रूम’मध्ये स्वतःच्या कंपनीच्या वरच्या वर्गातील प्रवाशांनाच प्रवेश असतो, आघाडीतील इतर कंपन्यांच्या सभासदांना नाही.

भारतातील लाउंज : एअर इंडियाच्या लाउंजांना ‘महाराजा’चे नाव मिळाले. हे बोधचित्र १९४६ मध्ये मुंबईत जन्मले. कल्पना कंपनीचे अधिकारी बॉबी कूका यांची आणि रेखाटन चित्रकार उमेश राव यांचे. २०१४ मध्ये एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये गेली, तेव्हापासून तिच्या वरच्या श्रेणीच्या सभासदांना जगभरातील सहकारी लाउंज उपलब्ध झाले. २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे आली.

दिल्लीचे तिसरे टर्मिनल २०१० मध्ये आणि मुंबईचे नवे दुसरे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाल्यावर भारतातील लाउंजांचा आकार व दर्जा पालटला. मुंबईत येणाऱ्या बहुतेक परदेशी कंपन्या स्वतःचा लाउंज न चालवता विमानतळाच्या सामायिक लाउंजशी करार करतात आणि प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली रक्कम देतात. दिवसाला एक-दोन उड्डाणे असलेल्या कंपनीला हेच परवडते.

भारताचे वेगळेपण बँकेच्या कार्डांमध्ये आहे. क्रेडिट कार्डांबरोबर साध्या डेबिट कार्डांवरही लाउंजप्रवेश देण्याची स्पर्धा बँकांनी केली. रुपे कार्डावर दोन रुपयांची नाममात्र रक्कम वळती करून प्रवेश मिळू लागला. बँका, कार्ड कंपन्या आणि लाउंजचालक यांना जोडणारी ‘ड्रीमफोक्स’ ही मध्यस्थ कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या कुटुंबालाही लाउंजचे दार उघडले. हा विस्तार स्वागतार्ह होता, पण जागा त्या मानाने वाढली नाही. दारात रांगा लागल्या, बसायला खुर्ची मिळेना. मग बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशा अटी घातल्या. देशांतर्गत लाउंजसाठी चालणारे कार्ड परदेशात चालेलच असे नाही, तिथे बहुधा प्रायॉरिटी पाससारखे स्वतंत्र सभासदत्व लागते. निघण्यापूर्वी बँकेकडे खात्री करणे आवश्यक आहे.

गर्दीचा प्रश्न : हीच अडचण अन्यत्रही उभी राहिली. अमेरिकेतील डेल्टा कंपनीने २०२२ मध्ये लाउंजमध्ये थांबण्याची मुदत उड्डाणापूर्वीच्या तीन तासांवर आणली. २०२३ मध्ये तिने कार्डधारकांच्या भेटींवर वार्षिक मर्यादा जाहीर केली. ग्राहक नाराज झाल्यावर ती काहीशी सैल करून २०२५ पासून लागू केली. जास्त लोकांना प्रवेश द्यावा तर शांतता जाते आणि शांतता राखावी तर लोकांना अडवावे लागते. १९३९ पासूनचा लाउंजचा सारा इतिहास या ओढाताणीचा आहे.

मूल्यमापन : लाउंजची जाहिरात बहुधा शँपेन, संगमरवर आणि नामांकित रचनाकार यांच्या भाषेत होते. प्रवाशाच्या शरीराला मात्र शांतता, टेकायला जागा, अंघोळ आणि ताजे अन्न हवे असते. या कसोटीवर साधा, नीट राखलेला लाउंज खच्चून भरलेल्या आलिशान लाउंजपेक्षा सरस ठरतो. या गरजा महागड्या तिकिटाबरोबर निर्माण होत नाहीत. इकॉनॉमीत चौदा तास ताठ बसून जाणाऱ्याला त्या अधिकच असतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळाने सर्व प्रवाशांसाठी विनामूल्य आरामखुर्च्यांचे झोपकक्ष आणि बागा केल्या, सोलजवळच्या इंचॉनने विमान बदलणाऱ्या प्रवाशांना शॉवर दिले. राखीव दालनात सिद्ध झालेली सोय सार्वजनिक प्रतीक्षालयात आणता येते, हे या दोन विमानतळांनी दाखवून दिले. भारतातील नव्या टर्मिनलांच्या आखणीतही विश्रांतीची ही किमान सोय प्रत्येक प्रवाशासाठी धरली जाणे अगत्याचे आहे.