झाकण बंद झालं आणि मोजमाप बदललं

समजा, लोणार सरोवराच्या काठावर तुम्हाला रात्रभर तापमान नोंदवायचं आहे. डेटा लॉगरला 12 व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी जोडली आहे आणि मल्टिमीटर 12.8 दाखवतोय. एवढ्यावर भरवसा ठेवायचा का? त्यासाठी आधी या आकड्याचा इतिहास बघू.

1859 मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आत काय घडतं ते 1882 मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी मांडलं. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, आम्ल खर्च होतं, पाणी वाढतं. म्हणजे आम्लाची सापेक्ष घनता मोजली की चार्ज कळतो. घरच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकायला येणारा मेकॅनिक हायड्रोमीटरमध्ये आम्ल ओढून बघतो, ते यासाठीच. 1.28 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली.

पुढे 1957 मध्ये जर्मनीत ओटो याखे यांनी आम्लाचं जेल केलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत गेट्स कंपनीने ते काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलं. पाणी टाकायची कटकट गेली, पण हायड्रोमीटरची वाटही बंद झाली.

उरलं व्होल्टेज. ढोबळ नियम असा: एका सेलचं व्होल्टेज म्हणजे सापेक्ष घनता अधिक 0.84. 1.28 ला 2.12 आणि सहा सेलचे 12.72 व्होल्ट. सीलबंद बॅटरीत आम्ल सहसा थोडं जास्त तीव्र असतं, म्हणून आकडा 12.8 च्या पुढे जातो. थोडक्यात, मल्टिमीटर घनताच सांगतो, पण आडवाटेने.

या आडवाटेला अटी आहेत. चार्जर आणि लोड काढून बॅटरी काही तास तशीच ठेवा. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी फसवा, जास्तीचा आकडा दाखवते. दुसरं, रांजण काठोकाठ भरलेला दिसला तरी तळाशी गाळ किती, ते वरून कळत नाही. तसंच जुनी बॅटरी 12.8 दाखवूनही मध्यरात्री मान टाकू शकते. शिवाय जोरात उपसा केला तर एकूण चार्ज कमी मिळतो, हे पॉयकर्ट यांनी 1897 मध्येच दाखवलं होतं. म्हणून फील्डवर जाण्याआधी लॉगरएवढा लोड लावा आणि 10.5 व्होल्टपर्यंत उतरायला किती तास लागतात ते मोजा.

तुमच्या विषयातही असे आडवाटेचे आकडे असतीलच. संशोधन आराखडा लिहिताना प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: मुळात काय मोजायचं होतं, प्रत्यक्षात काय मोजलं आणि दोघांना जोडणारा नियम कोणत्या अटींवर टिकतो. मुलाखतीत प्रश्न बहुधा तिसऱ्यावरच येतो.