फूल नसताना ओळखलेला कंद



दिवे गेलेले असताना टोपलीत हात घातला, तरी कांदा कोणता आणि लसणाचा गड्डा कोणता, हे आपल्याला कळतं. साल बोटांना लागते, वास नाकाला येतो. ही ओळख आपल्याला कोणी शाळेत शिकवली नाही. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट अशाच ओळखीची आहे. ती घडली दूर युरोपात, नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात. आणि कंद आहे ट्यूलिपचा.

ट्यूलिप मूळची हॉलंडची नाही. ती मध्य आशियातल्या डोंगरांमधली. तुर्कस्तानच्या बागांमधून ती युरोपात आली. १५६२च्या सुमारास अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे कापडाच्या मालाबरोबर तिचे कंद आले. त्याला वाटलं, कांदेच आहेत! त्याने काही भाजून तेल-व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले परसात कोबीशेजारी लावले. क्लुसियस नावाच्या वनस्पतींच्या अभ्यासकाने ही हकिकत लिहून ठेवली आहे. याच क्लुसियसने हॉलंडमधल्या लायडनच्या बागेत कंद लावले आणि १५९४मध्ये तिथे ट्यूलिप फुलली. पुढे हॉलंडची ओळखच या फुलाने झाली.

आता साडेतीनशे वर्षं पुढे येऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४० पासून हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. सप्टेंबर १९४४ मध्ये तिथल्या रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडच्या शहरांना जाणारं धान्य अडवलं. बंदी थोडी सैल झाली, तोवर थंडीने कालवे गोठले आणि नावाही अडकल्या. माणशी रोजचा शिधा हजार उष्मांकांच्या खाली आला, पुढे पाचशेच्या आसपास. कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दोन हजारांच्या वर लागतात, यावरून अंदाज करा. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसं गेली.

गोदामांत मात्र फुलांचे कंद पडून होते. युद्धामुळे ते लावलेच गेले नव्हते. ट्यूलिपचा कंद खाता येतो, असं लोकांना सांगण्यात आलं. पण नार्सिसस आणि हायसिंथ या फुलांचेही कंद असतात, आणि ते विषारी. फूल उमललेलं असतं तर लहान मुलानेही फरक सांगितला असता. पण भर थंडीत फूल कुठून आणायचं? ओळखायचं ते कंदावरूनच.

खुणा अशा. ट्यूलिपचा कंद थेंबासारखा, एका बाजूने बराचसा चपटा, वर एकच टोक. साल तपकिरी, पातळ, कागदासारखी. आत पांढरा, गुळगुळीत गर. नार्सिससच्या कंदाला बहुधा दोन-तीन टोकं एकत्र चिकटलेली असतात. कापला तर कांद्यासारखे पुष्कळ पदर दिसतात आणि चिकट रस निघतो. हायसिंथचा कंद गोल, भरीव. निळ्या-जांभळ्या फुलांच्या जातीत सालही जांभळट, चकाकणारी. तो हाताळला की हाताला खाज सुटते. कांद्याचा वास मात्र तिघांनाही नसतो.

ओळख पटल्यावरही काम संपत नव्हतं. कंद सोलायचा, मधोमध कापायचा आणि आतला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो बाधतो. मग उकडून, कुस्करून सूप करायचं. नाहीतर वाळवून पीठ दळायचं. पुढे सिनेमातली प्रसिद्ध नटी झालेली ऑड्री हेपबर्न तेव्हा पंधरा वर्षांची होती. ट्यूलिपच्या कंदांवर काढलेल्या त्या दिवसांची आठवण तिने पुढे अनेकदा सांगितली. ५ मे १९४५ रोजी देश सुटला.

या इतिहासात सेनापतींची नावं सापडतात. चुलीपाशी बसून एकेक कंद उलटून पाहणाऱ्या, कोंब काढून टाकणाऱ्या बायांची नावं सापडत नाहीत. घरची माणसं मात्र त्यांच्या बोटांच्या भरवशावर जेवली.

मैत्रिणींनो, आपल्या रानातही असा फसवा कंद आहे: कोळकांदा, काही ठिकाणी रानकांदा म्हणतात तो. दिसायला कांदाच, पण विषारी. थेट हृदयावर परिणाम करणारा. कांद्याची पात पोकळ असते, याची पानं चपटी. याचा फुलांचा दांडा पानांच्या आधी येतो आणि त्याला मळकट रंगाची, खाली झुकलेली फुलं लागतात. चुरगाळलं तरी कांद्याचा वास येत नाही. नुसत्या नावावर जाऊ नका, सगळ्या खुणा जुळतात का ते पाहा. एक जरी खूण जुळली नाही, तर तो कंद घरात आणू नका. आणि दुकानात मिळणारे ट्यूलिपचे कंदही खाऊ नका; त्यांवर औषधं मारलेली असतात.

तुमच्या गटात रानातल्या भाज्या ओळखणारी एखादी आजी असेल. पावसाळा लागला की तिच्याबरोबर एकदा रानात जा. ती कुठे बोट लावते, काय हुंगते आणि काय बाजूला टाकते, ते नीट पाहून घ्या.