औषधाआधी रक्त

भंडारा जिल्ह्यात ताप आला की पहिली सुई औषधाची. रोवण्याच्या दिवसांत बांधीतून उठून दवाखान्यात आलेल्या मजुराची रोजी बुडालेली असते. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. मलेरिया, टायफॉइड, स्क्रब टायफसच्या या मुलखात डॉक्टरही अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. मी त्यांना दोष देत नाही. पण एका आजारात हा क्रम जिवावर बेततो. हृदयाच्या झडपांना जिवाणूंचा संसर्ग होतो त्या एंडोकार्डायटिसमध्ये आधी रक्त घ्यायचं, मग औषध द्यायचं, असा दंडक आहे. त्या दंडकाची ही कुळकथा.

1869 मध्ये नॉर्वेच्या विंग या डॉक्टरांना शवविच्छेदनात झडपेवरच्या गाठींमध्ये सूक्ष्म जंतू दिसले. 1885 मध्ये विल्यम ऑस्लर यांनी लंडनला दिलेल्या व्याख्यानांत या आजाराची सगळी लक्षणं एकत्र मांडली. तरी खात्री व्हायची ती बहुधा रोगी गेल्यावरच. जिवंत माणसाचं रक्त काढून त्यात जंतू वाढवून पाहण्याची रीत, म्हणजे कल्चर, पुढे न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल लिबमन यांनी रुळवली. 1911 मध्ये संगीतकार गुस्ताव्ह मालर तापाने आजारी पडले. त्यांची झडप आधीपासून बिघडलेली होती. लिबमन यांच्या सहायकाने त्यांचं रक्त नेलं, त्यात स्ट्रेप्टोकोकस वाढले आणि निदान पक्कं झालं. उपचार मात्र काहीच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात मालर व्हिएन्नात वारले. त्या काळी हे निदान झालेले जवळजवळ सगळेच जात.

पेनिसिलिन आलं तेव्हाही आधी निराशाच पदरी पडली, कारण डोस अपुरे होते. ब्रुकलिनच्या लिओ लोवे यांनी हट्टाने मोठे डोस शिरेतून सतत चालू ठेवले, आणि 1944 मध्ये सात रुग्ण बरे झाल्याचं प्रसिद्ध केलं. माझ्या मते या कुळकथेतलं खरं वळण हेच. तोवर रक्तातला जंतू म्हणजे मरणाची चिठ्ठी होती. आता कोणतं औषध, किती आणि किती आठवडे, हे त्याच्यावरून ठरू लागलं.

आताच्या महाराष्ट्रात पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. राज्य बदललं; मोठ्या आजाराला नागपूर गाठायचं, हे आजही तसंच आहे.

जिवाणू झडपेवर रक्ताच्या गोठणाऱ्या थरात दडतात. तिथे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, औषधही सावकाश झिरपतं. म्हणून चार ते सहा आठवडे शिरेतून उपचार लागतात. दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्त तेवढं तात्पुरतं निवळतं, ताप उतरतो, कल्चरमध्ये काही उगवत नाही. घरटं मात्र झडपेवर तसंच राहतं. मग झडप फाटते, दम लागतो, गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला की लकवा मारतो. आजही हा आजार झालेल्या शंभरातले पंधरा-वीस इस्पितळातच दगावतात, आणि बऱ्याच जणांना झडप बदलावी लागते.

यात आपल्याकडची दोन कारणं ठळक दिसतात. लहानपणी घसा दुखून झालेल्या संधिवाताच्या तापाने अनेकांच्या झडपा अधू झालेल्या असतात. दुसरा आपला तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याने हिरड्या खराब होतात, आणि दुखऱ्या हिरड्यांतून जिवाणू रक्तात उतरणं सोपं होतं. अधू झडपेच्या माणसाला खर्रा सोडायला सांगणं हा हृदयाचाच इलाज आहे, आणि तो पुरेशा कळकळीने सांगितला जात नाही याचं मला दुःख वाटतं.

म्हणून तुमच्या घरात कुणाची झडप बदललेली असेल, किंवा लहानपणापासून वॉल्व्हचा त्रास असेल, आणि ताप आला असेल, तर पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना ते सांगा आणि कल्चरसाठी रक्त घेणार का, विचारा. वेगवेगळ्या जागांहून तीनदा रक्त घेतात. रोगी अत्यवस्थ असेल तर तेही पटकन उरकून लगेच औषध देता येतं. तुमसर, साकोली, लाखांदूर, कुठेही असा. तिथे सोय नसेल तर भंडारा किंवा नागपूर गाठा, पण उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊन निघू नका.