परकीय अधिकाऱ्यांवरील खटले

एका देशाच्या पोलीस, लष्करी किंवा मुलकी अधिकाऱ्याने केलेल्या छळाबद्दल वा हत्येबद्दल दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने त्याच्यावर चालवलेला फौजदारी खटला. यामागच्या तत्त्वाला ‘सार्वत्रिक अधिकारक्षेत्र’ म्हणतात. गुन्हा पुरेसा घोर असेल, तर तो कुठे घडला आणि आरोपी कोणत्या देशाचा, हे प्रश्न गौण ठरतात. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांना १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनमध्ये स्पेनच्या वॉरंटवरून अटक झाली, तेव्हा हे तत्त्व वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. माजी राष्ट्रप्रमुख म्हणून मिळणारे संरक्षण छळाच्या आरोपापुढे टिकत नाही, असे ब्रिटिश उमराव सभेच्या न्यायाधीशांनी १९९९ मध्ये ठरवले. पुढे प्रकृतीचे कारण देऊन पिनोशेंना मायदेशी जाऊ देण्यात आले, ही गोष्ट वेगळी. पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला मात्र दुसऱ्या देशाने अटक वॉरंट काढण्यापासून पूर्ण संरक्षण आहे, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काँगो विरुद्ध बेल्जियम प्रकरणात २००२ मध्ये सांगितले. थोडक्यात, खुर्ची सुटेपर्यंत थांबायचे.

भारतात या खटल्यांची वाट अरुंद आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचा भारत सदस्य नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन झालेले नाही. नेहमीचा फौजदारी कायदा परदेशात गुन्हा करणाऱ्या भारतीयाला गाठतो. परदेशात गुन्हा करणारा परकीय सहसा त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

अपवाद आहे तो जिनिव्हा करार अधिनियम, १९६० चा. युद्धकाळात संरक्षित व्यक्तीची हत्या, छळ किंवा अमानुष वागणूक, अशा ‘गंभीर भंगां’बद्दल हा कायदा कोणत्याही देशाच्या माणसाला शिक्षा देऊ शकतो; हेतुपुरस्सर हत्येला फाशी किंवा जन्मठेप आहे. गुन्हा भारताबाहेर घडला असला, तरी आरोपी जिथे सापडेल तिथेच तो घडला असे मानायचे, ही यातली खरी गंमत. म्हणजे परदेशातल्या युद्धकैद्यांचा छळ केलेला एखादा सेनाधिकारी नाशिकच्या द्वारका चौकात, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कोंडीत सापडला, तर खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालू शकतो. पण कलम १७ आडवे येते. सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद दिल्याशिवाय न्यायालयाला दखलच घेता येत नाही. पीडिताच्या हाती अर्ज-विनंत्यांपलीकडे काही उरत नाही.

या अधिनियमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो गोव्यातून, आणि तोही भलत्याच बाजूने. मोन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो हे गोमंतकीय धर्मगुरू. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा घेतल्यावर त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवले, राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर तो वाढवून घेतला नाही, आणि देश सोडण्याचा आदेश न पाळल्याने त्यांच्यावर खटला झाला. गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, त्यामुळे जिनिव्हा करारानुसार आपल्याला बाहेर काढता येणार नाही, असा त्यांचा बचाव होता. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायपीठाने २६ मार्च १९६९ रोजी तो फेटाळला. प्रदेश देशात सामील झाल्यावर तो व्याप्त राहत नाही. शिवाय हा अधिनियम भंगाला शिक्षा सांगतो, पण व्यक्तीला न्यायालयात जाण्याचा वेगळा हक्क देत नाही, असे न्यायालय म्हणाले. हा निकाल विद्यार्थी सामिलीकरणासाठी वाचतात. त्याचे दुसरे अंग जास्त दूरगामी आहे.

खटल्याआधी आरोपी हाती यावा लागतो; नाशिकशी जोडलेले एक जुने प्रकरण त्याविषयीचे आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाशी जोडलेल्या आरोपांसाठी भारतात आणले जात असताना विनायक दामोदर सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलला बोटीतून उडी मारली. फ्रेंच शिपायाने त्यांना धरून ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्सने तक्रार केली. हस्तांतरात अनियमितता झाली, तरी कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निवाडा हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला. परक्या भूमीवरून वाकड्या वाटेने आणलेल्या आरोपीवर खटला चालवता येतो का, या वादात तो आजही काढला जातो. वाद केवळ पुस्तकी नाही: इस्रायलने १९६० मध्ये नाझी अधिकारी आइकमनला अर्जेंटिनातून पळवूनच आणले होते.

गोव्याच्या पोर्तुगीज पोलिसांपर्यंत मात्र यातली एकही वाट पोचली नाही. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात समाजवादी नेते मधू लिमये यांना कोठडीत जबर मारहाण झाली. १५ ऑगस्टला सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मुक्तिसैनिक मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या काशियस तुरुंगात होते. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. १९६० चा कायदा त्याआधीच्या कृत्यांना लावणे संविधानाच्या कलम २०(१) मुळे अशक्य होते. पोर्तुगालशी तुटलेले राजनैतिक संबंध १९७४ च्या अखेरीस जुळले. तोवर प्रत्यर्पण मागायचे कुणाकडे? शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताने युद्धकैदी म्हणून ठेवले आणि १९६२ मध्ये परत पाठवले.

छळासाठी गोव्यात कुप्रसिद्ध झालेला पोलीस म्हणजे दुसरा मोंतेरो, कासिमिरो. आडनावापलीकडे त्या धर्मगुरूंशी त्याचा संबंध नाही. तो पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांत गेला आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या सरहद्दीजवळ विरोधी नेते जनरल उंबेर्तो देलगादो यांच्या खुनात सामील झाला. पोर्तुगालमध्ये १९७४ ची क्रांती झाल्यावर लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने १९८१ मध्ये त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले. खटला होता देलगादो आणि त्यांची सचिव यांच्या खुनाचा, गोव्यातल्या कोठड्यांचा नव्हे. कासिमिरो तोवर दक्षिण आफ्रिकेत पोचला होता, आणि तिथेच मेला.