‘दॅन आय’ की ‘दॅन मी’? : एका नियमाची जन्मकथा

‘ती माझ्यापेक्षा उंच आहे’ हे वाक्य इंग्रजीत करायला सांगितले, की वर्गात दोन उत्तरे येतात. काही मुले ‘शी इज टॉलर दॅन आय’ असे लिहितात, तर काही ‘शी इज टॉलर दॅन मी’ असे. (यातला ‘मी’ म्हणजे आपला मराठी ‘मी’ नव्हे, इंग्रजीत कर्माच्या जागी येणारे ते रूप.) दुसऱ्या उत्तराखाली लाल रेघ ओढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यात हेच दुसरे रूप सर्रास ऐकू येते. मग ही माणसे स्वतःचीच भाषा चुकीची बोलतात असे म्हणायचे का? की आपला नियमच तपासून पाहायला हवा? यासाठी या नियमाचा जन्म कसा झाला ते पाहू या.

सारा वाद ‘दॅन’ या एका छोट्या शब्दाच्या जातीचा आहे. ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय मानले, तर ते दोन वाक्ये जोडते. मग पुढचे वाक्य अर्धे गाळलेले आहे असे समजायचे : ‘दॅन आय अ‍ॅम’ यातले ‘अ‍ॅम’ गेले आणि ‘आय’ उरला. तो कर्ता असल्याने त्याचे रूप ‘आय’च हवे. उलट ‘दॅन’ हे आपल्या ‘पेक्षा’सारखे शब्दयोगी अव्यय मानले, तर त्याच्या पुढे ‘मी’ हेच रूप यायला हवे. जसे ‘विथ मी’, ‘फॉर मी’.

गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंत, तुलना करण्याच्या दोन रीती होत्या. एकीत ‘दॅन’चे जुने रूप वापरत. दुसरीत ‘दॅन’ नसेच. ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाला चतुर्थीचा प्रत्यय लावला की काम भागे. लॅटिनमध्येही अशाच दोन रीती होत्या. संस्कृतात तुलनेसाठी पंचमी येते, आणि पाणिनीने त्यासाठी सूत्रही दिले आहे. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले आणि प्रत्ययाची रीत संपली. उरला ‘दॅन’. हा ‘दॅन’ आणि ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ हे मुळात एकच शब्द; त्यांची लेखनरूपे १७०० च्या सुमारास पक्की वेगळी झाली.

नियम लिहिला जाण्यापूर्वी लोक काय लिहीत होते? दोन्ही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ नाटकात ‘दॅन’नंतर ‘मी’ सापडतो. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, नीतिसूत्रांच्या भागात, ‘दॅन’नंतर ‘दे’ऐवजी ‘देम’ आला आहे. यावर कोणी फारसा आक्षेप घेतल्याचे दिसत नाही, कारण बोट ठेवायला छापील नियमच नव्हता.

तो अठराव्या शतकात आला. इंग्लंडमध्ये व्यापाराने पैसा आलेला एक वर्ग वर येत होता. ‘शुद्ध’ इंग्रजी हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरत होते आणि व्याकरणाच्या पुस्तकांना गिऱ्हाईक होते. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी इंग्रजी व्याकरणाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. लाउथ हे ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक राहिलेले, हिब्रूचे पंडित आणि पुढे लंडनचे बिशप. त्यांनी ठरवले, की ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय; गाळलेले क्रियापद मनात धरायचे आणि सर्वनामाचे रूप त्यावरून ठरवायचे. या कसोटीवर त्यांनी स्विफ्टसारख्या नामांकित लेखकांच्याही चुका काढून दाखवल्या. मात्र ‘दॅन हूम’ ही रचना मिल्टनसारख्या कवीने वापरलेली होती, ती त्यांनी अपवाद म्हणून मान्य केली. नियम पक्का असेल, तर तिथेही ‘हू’च यायला नको का?

याच सुमारास दुसरा एक व्याकरणकार नेमकी उलटी बाजू मांडत होता. त्याचे नाव विज्ञानशिक्षकांना चांगले माहीत आहे : जोसेफ प्रीस्टली. १७७४ साली पाऱ्याचे लाल भस्म भिंगाने तापवून ज्यांनी एक वायू वेगळा केला, आणि ज्याला पुढे ऑक्सिजन म्हटले गेले, तेच हे प्रीस्टली. त्याआधी ते नँटविच या गावी शाळा चालवत. तिथल्या मुलांसाठी त्यांनी हवेचा पंप आणि वीज निर्माण करणारे यंत्र विकत घेतले होते, आणि शाळेसाठी लिहिलेले त्यांचे इंग्रजी व्याकरण १७६१ साली छापले गेले.

या व्याकरणाच्या पुढे वाढवलेल्या आवृत्तीत त्यांनी ‘दॅन आय’चा नियम सांगून त्याला हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. विशेषणाचे तुलनावाचक रूप आणि ‘दॅन’ मिळून दोन शब्दांमधला संबंध दाखवतात, म्हणजेच शब्दयोगी अव्ययाचे काम करतात. मग त्यांच्यापुढे ‘मी’ हेच रूप अधिक व्याकरणशुद्ध नव्हे काय? भाषेला नियम घालून देणारी सरकारी अकादमी असावी, ही त्या काळची मागणीही त्यांना पटली नव्हती. चांगली रूपे वापरातूनच टिकतील, काळाचा निवाडा सावकाश पण खात्रीचा असतो, असे त्यांचे मत होते. लाउथ आणि प्रीस्टली यांच्या मतभेदाचे मूळ इथे आहे : एकाने नियमावरून वाक्ये तपासली, दुसऱ्याने वापरावरून नियम तपासला.

तरीही बाजी मारली लाउथ यांनीच. अमेरिकेत जन्मलेले आणि इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेले लिंडली मरे यांनी १७९५ साली मुलींच्या एका शाळेसाठी व्याकरण लिहिले. त्यात लाउथ यांच्याकडून त्यांनी पुष्कळ घेतले. हे पुस्तक प्रचंड खपले, आणि त्याबरोबर नियमही घरोघरी गेला. आपल्याकडे इंग्रजी व्याकरण शिकवले गेले ते याच परंपरेतल्या पुस्तकांतून. १९३० च्या दशकात आलेल्या ‘रेन अँड मार्टिन’पैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. आज त्याच पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या सांगतात, की तुलनेनंतर कर्माचे रूप वापरणेच अधिक प्रचलित आहे!

शास्त्रीय कसोटी लावली तर? ‘टॉलर दॅन सिक्स फीट’ हे वाक्यखंड पाहा. इथे ‘दॅन’नंतर कोणते क्रियापद गाळले? ‘सिक्स फीट आर टॉल’ असे तर कोणी म्हणत नाही. म्हणजे ‘दॅन’नंतर दर वेळी छुपे क्रियापद असतेच असे नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या विस्तृत इंग्रजी व्याकरणातही ‘दॅन’ची गणना शब्दयोगी अव्ययांत केली आहे, त्याच्यापुढे कधी वाक्य येते, तर कधी नुसते नाम. ‘दॅन आय’ हे रूप औपचारिक लेखनाचे म्हणून उरते.

तर मग लाउथ यांच्या नियमात काहीच तथ्य नाही का? आहे. तुलना क्रियापदाच्या मागून येते आणि त्या क्रियापदाला कर्मही असते, तेव्हा ते दिसते. ‘शी नोज रमेश बेटर दॅन आय’ म्हणजे मी रमेशला ओळखतो त्याहून ती त्याला जास्त ओळखते. ‘दॅन मी’ म्हटले, तर ती मला ओळखते त्याहून रमेशला जास्त ओळखते असाही अर्थ निघतो. मराठीतही हीच अडचण आहे. ‘ती रमेशला माझ्यापेक्षा जास्त ओळखते’ याचे दोन्ही अर्थ होतात, कारण ‘पेक्षा’पुढे आपल्याला एकच रूप ठाऊक आहे. शंका येते तेव्हा आपण क्रियापद आणतो : ‘मला ओळखते त्याहून’. इंग्रजीतही तोच उपाय आहे : ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी नोज मी’.

म्हणून वर्गात आपण असे करू शकतो. ‘टॉलर दॅन मी’ला चूक न म्हणता ते बोलण्याचे रूप आणि ‘दॅन आय’ हे जुन्या, औपचारिक लेखनाचे रूप असे सांगावे. परीक्षेत कोणते अपेक्षित आहे तेही स्पष्ट करावे. जिथे अर्थ दुभंगतो तिथे मात्र थांबावे आणि मुलांकडून छुपे क्रियापद उघड करून घ्यावे. मुलांना आठवडाभर वर्तमानपत्रे, गोष्टींची पुस्तके आणि बातम्या यांतून ‘दॅन’ची पन्नास वाक्ये गोळा करायला सांगावीत, त्यांचे गट पाडावेत आणि नियम त्यांनाच मांडू द्यावा. निरीक्षण, वर्गीकरण, अनुमान ही प्रयोगशाळेतली पद्धत भाषेच्या तासालाही चालते. गुण मात्र कापायचे ते अर्थ हरवला तर. नुसत्या ‘मी’साठी कापले, तर शेक्सपिअरचेही कापावे लागतील.