आईचा फोटो कुठं ठेवायचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, बाया उठल्या. एक ताई मात्र तशीच बसून राहिली. तिचा मोबाइल बंद पडला होता म्हणून तिनं तो दुरुस्तीला दिला होता. दुकानदारानं मोबाइल चालू करून दिला, पण आतलं सगळं पुसून. त्यात तिच्या आईचे फोटो होते. आई करोनात गेलेली. "मोबाइलचं काही नाही हो, आई होती त्यात," एवढंच ती म्हणाली.

फोटो ऑनलाइन साठवले होते का, असं आम्ही विचारलं. तिला सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर ते कसं बघायचं, हे आम्हालाही धड माहीत नव्हतं. मग आम्ही चौकशी केली, वाचलं, जाणत्यांना विचारलं. फोटो काढण्याइतकीच फोटो जपण्याची गोष्टही जुनी आहे, हे त्यातून कळलं. तीच आज तुम्हाला सांगतो.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर नावाच्या माणसाची फोटोची रीत जगापुढं आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो उमटायचा. पण तो एकच. पत्रा खराब झाला की फोटो गेला, दुसरी प्रत निघायची नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी कागदावर निगेटिव्ह तयार केली. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती. आज आपण ज्याला बॅकअप म्हणतो, त्याचं मूळ इथं आहे: जपायच्या वस्तूची जादा प्रत.

आपल्याकडंही हे लवकर आलं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. पण बायकांचं काय? परक्या पुरुषासमोर बसून फोटो कसा काढायचा? १८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढायला बाईच होती. तरी तिथं गेल्या त्या बड्या घरच्या. आपल्या पणज्यांच्या वाट्याला फोटो आलाच नाही.

१८८८ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीचा कॅमेरा आला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असायची. फोटो काढून झाले की आख्खा कॅमेरा कंपनीकडं धाडायचा. ती फोटो छापून, नवी फिल्म भरून परत पाठवायची. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशी त्यांची जाहिरात होती. सोय मोठी झाली, पण आपले फोटो दुसऱ्याच्या हाती देण्याची सवयही इथूनच लागली.

आपल्या गावांत फोटो म्हणजे लग्नाचा, नाहीतर माणूस गेल्यावर भिंतीवर हार घालून लावलेला. स्टुडिओवाला पाकिटात फोटोबरोबर निगेटिव्हही द्यायचा. आपण फोटो ट्रंकेत ठेवले आणि निगेटिव्ह पोरांच्या हातात दिल्या. त्या काळ्या पट्ट्या म्हणजेच जादा प्रत, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडं कितीतरी घरांतल्या ट्रंका आणि अल्बम पाण्यात गेले. जाता जाता एक सांगतो: भिजून चिकटलेले फोटो ओढून काढू नका. स्वच्छ गार पाण्यात थोडा वेळ ठेवा, हळूच सुटे करा आणि सावलीत सुकवा.

आता कागदाकडून मशिनकडं येऊ. १९७५ मध्ये त्याच कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचा फोटो कशावर साठायचा माहिती आहे? आपण गाणी ऐकायचो तसल्या कॅसेटवर. एक फोटो साठायला २३ सेकंद लागायचे. पुढं ११ जून १९९७ रोजी अमेरिकेत फिलिप कान यांनी नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा फोटो दवाखान्यातूनच कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल जोडून दोन हजारांहून जास्त लोकांना पाठवला. बघा, मोबाइलवरून फोटो धाडायची सुरुवात झाली ती एका मुलीच्या जन्माच्या आनंदात.

मग इंटरनेटवर फोटो ठेवून घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. यालाच क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग; पण फोटो ढगात जात नाहीत. कंपन्यांची मोठमोठी कॉम्प्युटर केंद्रं आहेत, रात्रंदिवस वीज लागते, तिथल्या मशिनवर आपले फोटो साठतात. म्हणजे ती दुसऱ्याच्या घरात ठेवलेली आपली पेटी आहे.

या पेट्यांचं पुढं काय झालं, हे ऐकण्यासारखं आहे. कोडॅकनंही अशी सेवा चालवली. कंपनीचं दिवाळं निघालं आणि २०१२ मध्ये ती बंद झाली. अमेरिका-कॅनडातल्या ग्राहकांचे फोटो दुसऱ्या कंपनीकडं गेले. २००४ मध्ये फ्लिकर निघालं, ते काढणाऱ्या दोघांत कॅटरिना फेक ही एक बाई होती. २०१३ मध्ये फ्लिकरनं भरपूर जागा फुकट दिली आणि २०१८ मध्ये जाहीर केलं की फुकट खात्यात हजारच फोटो राहतील, वरचे पुसू. ऑर्कुटवर आपल्याकडच्या पोरापोरींनी किती फोटो टाकले होते. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं. आकारानं थोडे लहान करून कितीही फोटो फुकट ठेवा म्हणाले. पुढच्या वर्षीपासून आपल्याकडं नेट स्वस्त झालं आणि घरोघरी फोटोंचा पूर आला. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. आता मेल, फाइली आणि फोटो सगळं मिळून १५ जीबी फुकट, पुढं पैसे. म्हणजे लबाडीच झाली असं नाही, पण जागा त्यांची आणि नियमही त्यांचे. ठेव ठेवताना आपण व्याजाचा दर विचारतो, नियम बदलला का ते बघतो. फोटोंचंही तसंच करायला हवं.

आता आमच्या ताईकडं येतो. चौकशी करता करता कळलं की तिचे फोटो बहुतेक गुगलवर जातही होते. पण खातं कुणाचं? नवा मोबाइल घेतला तेव्हा विकणाऱ्यानंच घाईत ईमेल तयार करून दिलेला. तो पत्ता तिला माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही, जोडलेला नंबरही बंद झालेला. फोटो कुठंतरी असतील, पण दाराची किल्ली नाही. मैत्रिणींनो, बँकेत खातं आपल्या नावाचं हवं म्हणून आपण किती भांडलो! नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही, आपल्या नावाचं पासबुक. मग फोटोंचं खातं दुकानदाराच्या आठवणीवर कसं सोडलं?

यानंतर आम्ही प्रत्येक बैठकीत पाच गोष्टी सांगतो.

पहिली, मोबाइलमध्ये कोणता ईमेल आहे ते आजच बघा. तो आणि पासवर्ड वहीत लिहून घरात कुलपात ठेवा. चालू नंबर जोडा. ओटीपी कुणालाही सांगू नका.

दुसरी, खातं वापरात ठेवा. दोन वर्षं खात्याला हातच लावला नाही, तर गुगल ते पुसू शकतं.

तिसरी, गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप जातीलच असं नाही, त्यासाठी ते फोल्डर वेगळं चालू करावं लागतं.

चौथी, बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून पुसला, तर तो मोबाइल आणि क्लाउड दोन्हींकडून जातो. साठ दिवसांच्या आत मात्र कचरापेटीतून परत घेता येतो.

पाचवी, एकाच ठिकाणावर भरवसा नको. अमेरिकेतले फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी एक नियम सांगितला: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या भाषेत सांगायचं तर एक मोबाइलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर. आणि जिवापाड जपायचे दहा-वीस फोटो तरी कागदावर छापून घ्या.

ताईच्या आईचा फोटो शेवटी सापडला. आई माहेरच्या गावात बचत गटात होती. तिथल्या गटाच्या जुन्या कर्जाच्या फाइलीत, अर्जाला टाचलेला, पासपोर्ट आकाराचा. डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडं जरा घाबरून बघणारी आई. आम्ही त्याचा मोबाइलवर फोटो काढला, ताईच्या स्वतःच्या नव्या खात्यात ठेवला, एक प्रत तिच्या भावाला पाठवली आणि एक मोठी छापून आणली. किल्ली आता तिच्याकडं आहे.

पुढच्या बैठकीला येताना तुम्हीही मोबाइल घेऊन या. हप्ता भरून झाला की खातं बघू.